काळ्यावर पांढरा बगळा

इस्पितळात तिला सगळे फिल्मबाई म्हणायचे. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत तिने सत्तावीस वर्षं काढली. दाराबाहेर तांबडा दिवा, आत त्याहून मंद तांबडा दिवा आणि रसायनांच्या तीन टाक्या. डॉक्टर बाहेरून ओरडायचे, "फिल्मबाई, झालं का?" आणि ती आतून तितक्याच जोरात ओरडायची, "हाडं आहेत डॉक्टर, पळून नाही जात!"

मग यंत्रं बदलली. हाडं थेट पडद्यावर दिसायला लागली आणि तिच्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. नोकरीची शेवटची चार वर्षं तिने जुन्या केसपेपरांच्या खिडकीवर बसून काढली. तिथे कुणी तिच्या नावाने ओरडत नव्हतं.

निवृत्त झाली त्या दिवशी खात्यातल्यांनी तिला एक भेट दिली. ती नोकरीला लागली त्या वर्षाचा नाण्यांचा संच. ही प्रूफ नाणी, म्हणजे बाजारात चालवायची नव्हेत, टाकसाळीने शौकिनांसाठी आरशासारखी गुळगुळीत करून पाडलेली. बंद पाकिटात सहा नाणी होती आणि प्रत्येकावर एकेक चित्र: गलबत, कणीस, पूल, घोडा, दीपगृह, बगळा.

ती तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण दुसऱ्या गावी होती, ती रविवारी फोन करायची आणि आपल्या गुडघ्यांची खबर द्यायची. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून फिल्मबाई पाकीट घेऊन खिडकीशी बसली. पाच नाणी नुसतीच चकचकीत होती, चकाकीवर चकाकी. दीपगृहाचं नाणं तिने उजेडात तिरकं केलं आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मागचा भाग शाईसारखा काळाभोर आणि त्यावर दीपगृह पांढरंशुभ्र, पिठी साखर भुरभुरल्यासारखं. अगदी साधलेल्या फिल्मसारखं. हाड पांढरं, बाकी सगळं काळं, मधे करडं काही नाही. अशी फिल्म महिन्यातून एखादी उतरायची आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं. बाकीची पाच नाणी पाहून मात्र तिला दार चुकून उघडल्यामुळे उजेड लागलेल्या फिल्म आठवल्या.

ती पाकीट घेऊन नाण्यांच्या दुकानात गेली. दुकान एका इमारतीच्या तळघरात, दहा पायऱ्या उतरून. गळ्यात भिंग लटकवलेला दुकानदार नाणं पाहून खूष झाला.

"याला कॅमिओ म्हणतात, बाई. ठसा नवा असतो ना, तेव्हा त्याच्यातलं चित्र मुद्दाम खरखरीत केलेलं असतं. म्हणून पहिली काही नाणी अशी काळी-पांढरी उतरतात. मग ठसा घासतो, चित्र गुळगुळीत होतं आणि पुढची सगळी नुसती चमकतात. नशीब बघा, तुमच्या पाकिटात एक तरी आलं."

"मग बाकीची पाच अशी कुठे मिळतील?"

"एकगठ्ठा? विसरा. पाकिटं बघत बसावं लागेल. शेकड्याने बघाल तेव्हा एखादं हाती लागेल."

"वेळ आहे माझ्याकडे," फिल्मबाई म्हणाली. खरं तर तेवढंच होतं तिच्याकडे.

पुढची अडीच वर्षं ती आठवड्यातून दोनदा तळघरात जाऊन बसली. दुकानदार पाकिटांचे खोके पुढे करायचा, ती दिव्याखाली एकेक तिरकं धरायची. आधी घोडा मिळाला, मग पूल, मग कणीस. गलबत तर दोन मिळाली. बगळा काही केल्या सापडेना. बगळ्याची मान लांब आणि बारीक, ठशातली तीच जागा सगळ्यात आधी घासायची. अंग पांढरं असलं तरी मान चमकायची.

"अहो, मान कोण बघतंय?" दुकानदार वैतागायचा.

"मी बघतेय," ती म्हणायची आणि पाकीट परत खोक्यात टाकायची.

शेवटी दुकानदारानेच तिला एक फोन नंबर दिला. "हे गृहस्थ नकाशे काढायचे. सरकारी मोजणीखात्यात होते. यांच्याकडे तुमच्या वर्षाचा अख्खा कॅमिओ संच आहे, स्वतः जमवलेला. पण माणूस तिरसट आहे, आधीच सांगून ठेवतो."

तिने फोन केला. पलीकडून आवाज आला, "बघायला या. बुधवारी चार वाजता. देणार नाही."

बुधवारी चारला नकाशेवाल्यांनी दार उघडलं तेव्हा ते नुकतीच दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले असे उभे होते. घर मुलाचं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, सातच्या आत घरी कुणी यायचं नाही. नकाशेवाल्यांच्या खोलीत पलंग, टेबल आणि खात्याने भंगारात काढलेलं नकाशांचं कपाट होतं, चपट्या रुंद खणांचं. त्यांनी वरचा खण ओढला, हातमोजे चढवले आणि दोन काचांमधे स्क्रूंनी आवळलेला संच टेबलावर ठेवला.

फिल्मबाईने आधी बगळा पाहिला. मान पांढरी. चोचीच्या टोकापर्यंत पांढरी. मग तिने बाकीची पाहिली.

"तुमचं गलबत कच्चं आहे," ती म्हणाली. "शिडाच्या कडेला चमकतंय."

नकाशेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बत्तीस जणांना दाखवलाय हा संच. शीड एकालाही दिसलं नव्हतं."

"मला दिसलं."

"ते कळलं," ते म्हणाले आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवून आले.

बगळा त्यांनी दिला नाही, पण निघताना म्हणाले, "पुढच्या बुधवारी दुसऱ्या वर्षाचे संच दाखवतो. तेव्हाही देणार काही नाही." ती गेली. त्याच्या पुढच्याही बुधवारी गेली. ते जुन्या नकाशांबद्दल सांगायचे, एक नदी त्यांनी चुकून अर्धा मैल सरकवली होती आणि नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती अंधाऱ्या खोलीबद्दल सांगायची, गिळलेल्या किल्ल्यांबद्दल आणि एका माणसाच्या पोटात निघालेल्या नकली दातांबद्दल. ते हसताना आवाज करत नसत, फक्त खांदे हलायचे.

तिसऱ्या का चौथ्या बुधवारी तिने पर्समधून दुसरं गलबत काढून टेबलावर ठेवलं. "हे घ्या. माझ्याकडे दोन आहेत."

"बदल्यात?"

"काही नको."

"मग मी नाही घेत."

"नका घेऊ. इथेच ठेवून जाते."

ते चिडले. पुढच्या बुधवारी गलबत संचात बसलेलं होतं.

असे सात-आठ महिने गेले. मग एका बुधवारी चहा झाल्यावर त्यांनी खण ओढला, हातमोजे चढवले, संचाचे स्क्रू सोडवले आणि बगळ्याचं नाणं कडेला धरून एका छोट्या डबीत ठेवलं. डबी तिच्यासमोर सरकवली.

"घ्या."

"अहो, तुमचा संच मोडेल."

"मोडू दे. माझं वय झालंय, भोक बघायला मला चालतं." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आता तुम्ही काही यायच्या नाहीत."

तेव्हाच तिने म्हणायला हवं होतं, की येईन. नाण्यासाठी नाही, अशीच येईन. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण सत्तावीस वर्षं तांबड्या उजेडात एकटीने काम केलेल्या बाईला असली वाक्यं चटकन जमत नाहीत. ती हसली आणि म्हणाली, "असं कसं?" तेही हसले, खांदे हलले, आणि विषय तिथेच बुडाला.

संचाची पाटी तिने दुकानांचे फलक बनवणाऱ्या माणसाकडून कापून घेतली. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या दोन काचा आणि मधे सहा भोकांची काळी पट्टी. भोकं नाण्यांच्या मापाची, केसभरही सैल नाहीत. एका सकाळी तिने टेबलावर धुतलेली चादर अंथरली, पंखा बंद केला, सुती हातमोजे घातले. रबरी फुंकणीने प्रत्येक नाण्यावरची धूळ उडवली. श्वास रोखून एकेक नाणं कडेने उचललं, भोकात बसवलं, चित्र सरळ उभं आहे ना ते पाहिलं. कणीस जरासं कललं होतं, ते पुन्हा काढून बसवलं. बगळा सगळ्यात शेवटी. वरची काच ठेवली आणि स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आवळत आणले, म्हणजे एका बाजूला ताण येऊ नये.

अकरा वाजता काम संपलं. सहा काळे आरसे आणि सहा पांढरी चित्रं. तिने संच भिंतीला टेकवून ठेवला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. खोलीत टेबलावरच्या घड्याळाचा आवाज येत होता. तिने बहिणीला फोन लावला.

"सहाही झाली गं."

"काय सहा?" बहीण म्हणाली.

"नाणी. मी सांगितलं होतं ना."

"हो का? बरं झालं. अगं, डॉक्टरांनी आता डावा गुडघाही..."

बुधवार आला. साडेतीनला तिने साडी बदलली आणि पलंगावर बसली. जायचं तर काय म्हणून जायचं? नाणं मिळालं, संच झाला. काम झालं तरी बाई येतेच आहे, असं शेजाऱ्यांना वाटायचं, त्यांच्या सुनेच्या कानावर जायचं. संच दाखवायला न्यावा, तर त्यांच्याच संचातलं भोक त्यांना दाखवल्यासारखं होईल. त्यापेक्षा ते फोन करतील. विचारतील, बगळा कसा दिसतोय. विचारतीलच. सव्वापाचला तिने साडी बदलली आणि कपाटाचे खण पुसायला घेतले.

त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या बुधवारी नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या बुधवारी तिला थोडा रागच आला. एवढा कसला ताठा, असं ती मनात म्हणाली आणि तिचा स्वतःचा फोन तिथेच हाताशी पडलेला होता. दहा बुधवार असे गेले. घरातला एकही खण पुसायचा राहिला नाही.

मग एका दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर त्यांचाच नंबर होता. तिने मुद्दाम तीन वेळा वाजू दिला, टपून बसल्यासारखं वाटू नये म्हणून. घसा साफ करून "हॅलो" म्हणाली.

पलीकडे बाईचा आवाज होता. "मावशी, मी त्यांची सून बोलतेय. बाबा गेले. तीन आठवडे झाले. तुमचा नंबर त्यांच्या वहीत आज सापडला, म्हणून... आधी कळवता आलं नाही."

"बरं," फिल्मबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला त्या एका शब्दाची इतकी लाज वाटली, की तिने तोंड धुतलं.

शनिवारी ती गेली. सून तिशी-पस्तिशीची, चेहऱ्याने दमलेली, बोलायला मोकळी. तिने पाणी दिलं, झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सांगितलं. मग म्हणाली, "या, तुम्हाला दाखवते. तुम्हाला आवडेल."

नकाशेवाल्यांच्या टेबलावर निळं मखमली कापड पसरलेलं होतं आणि त्यावर नाणी मांडलेली होती. वरच्या खणातली सगळी. एकूण एक लखलखत होतं.

"काळी पडली होती हो सगळी," सून म्हणाली. "आणि चित्रांवर पांढरं पांढरं काहीतरी धरलेलं. बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हटलं, आता तरी नीट करून ठेवू. चांदी घासायची पावडर असते ना, तिने दोन दिवस घासली. बोटं दुखली माझी."

फिल्मबाईने घोड्याचं नाणं कडेने उचललं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं केलं. सगळ्या अंगावर केसासारखे बारीक ओरखडे. घोडा पांढरा राहिला नव्हता आणि मागचा आरसाही काळा राहिला नव्हता. पूल तसाच, दीपगृह तसंच. तिने दिलेलं गलबतही तसंच. माणूस गेल्याचं फोनवर कळलं होतं, ते आत्ता इथे, टेबलाशी उभं असताना तिच्या अंगात उतरलं.

"यातलं एक मात्र हरवलंय," सून घाईने म्हणाली. "माझ्याकडून नाही हं. मी उघडलं तेव्हाच जागा रिकामी होती."

"बगळा. तो माझ्याकडे आहे. त्यांनी दिला मला."

"मग बरं झालं, जिवाला घोर लागला होता." सुनेने सुस्कारा टाकला. मग जरा आशेने विचारलं, "कशी झालीत?"

फिल्मबाईने तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांना पावडर अजून होती.

"लख्ख," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

चहा घेताना सून म्हणाली, "तुम्ही बुधवारी यायचात ना? वहीत लिहिलंय. आम्हाला माहीतच नव्हतं. पण मध्यंतरी मी बुधवारची घरूनच काम करत होते. बाबा साडेतीनला दाढी करायचे, शर्ट बदलायचे आणि बाहेरच्या खोलीत बसायचे. मी विचारलं, कोण येणार आहे का बाबा? तर म्हणाले, कुणी नाही. सहा वाजता उठून आत जायचे."

फिल्मबाईने कप बशीत ठेवला. "किती बुधवार?" तिने विचारलं.

"काय माहीत. बरेच. शेवटपर्यंतच, बहुतेक."

निघताना सून म्हणाली, की खालच्या खणांतली नाणी अजून तशीच आहेत, ती पुढच्या आठवड्यात घासायला घेणार आहे, मग सगळं त्या तळघरातल्या दुकानदाराला देऊन टाकायचं ठरतंय.

"नको!" फिल्मबाई इतक्या जोरात म्हणाली, की दोघीही दचकल्या. "म्हणजे, तू दमली असशील. मला सवय आहे. मी येऊन लावून देईन सगळं. कागद, वर्षं, सगळं."

सुनेने तिला किल्ली दिली. त्यानंतर सात बुधवार फिल्मबाई त्या रिकाम्या घरात जाऊन बसली. चार ते सहा. खण ओढायचा, नाणी एकेक दिव्याखाली धरायची, काळी-पांढरी एका खोक्यात, नुसती चमकणारी दुसऱ्यात. प्रत्येक डबीत नकाशेवाल्यांनी कागदाची चिठ्ठी ठेवलेली होती, नकाशावर गावांची नावं लिहायच्या त्या बारीक, उभ्या अक्षरांत. कुठून मिळालं, कधी, काय उणं. वरच्या खणाच्या तळाशी घासलेल्या संचाच्याही चिठ्ठ्या होत्या. गलबताच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'बाईंकडून. शीड पूर्ण.' ती चिठ्ठी तिने पर्समध्ये ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही.

बगळा परत आणून त्यांच्या संचात ठेवावा, असंही एकदा बसमध्ये तिच्या मनात आलं. घरी जाऊन तिने स्क्रू सैल करायला घेतले आणि मग तिचं तिलाच हसू आलं. परत ठेवला असता तर सुनेने प्रेमाने तोही घासून लख्ख केला असता. त्यांनी दिला होता, तो आपण ठेवून घ्यायचा. तिने स्क्रू पुन्हा आवळले. हसता हसता रडू आलं, ते बराच वेळ थांबलं नाही.

सातव्या बुधवारी दुकानदाराचा माणूस येऊन खोके घेऊन गेला. सून त्या दिवशी लवकर घरी आली होती. कपाटाचे खण मोकळे, उघडे. सुनेने दारात फिल्मबाईचा हात हातात घेतला.

"खूप केलंत मावशी. येत जा हं."

लोक म्हणतात तसंच ते होतं. पायात चपला घालता घालता म्हणायचं. एरवी फिल्मबाई हसून "असं कसं" किंवा "हो हो" म्हणाली असती आणि जिना उतरली असती. ती उतरली नाही.

"येत जा म्हणू नकोस," ती म्हणाली. "वार सांग."

"अं?"

"नुसतं येत जा म्हटलं की मी येत नाही. मला ठाऊक आहे ना माझं. वार सांग, वेळ सांग. नको असेल तर नको म्हण, मला वाईट वाटणार नाही." वाईट वाटलं असतं, ते तिलाही माहीत होतं.

सून गोंधळली. बोटांवर काहीतरी मोजलं. "रविवारी आम्ही... नाही, शनिवार. शनिवारी संध्याकाळी?"

"किती वाजता?"

"पाच?"

"पाच," फिल्मबाई म्हणाली आणि मग जिना उतरली.

शनिवारी पाचला तिने घंटा वाजवली. दार उघडायला वेळ लागला. सून ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं की ती विसरली होती. आत खुर्च्यांवर धुतलेल्या कपड्यांचे ढीग होते. फिल्मबाईच्या मनात आलं, काहीतरी निमित्त सांगून मागे फिरावं.

"विसरलीस," ती म्हणाली.

"विसरले," सून म्हणाली आणि ओशाळून हसली. मग तिने एका खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले. "बसा. चहा टाकते."

फिल्मबाई बसली. आत भांड्याचा आवाज येत होता. समोरच्या ढिगातला एक शर्ट तिने उचलला, झटकला आणि घडी घालायला घेतली.